खिडकी उघडण्याचा अधिकार

उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला कार्यालयात बसून काम करणाऱ्याचा हेवा वाटावा, हे स्वाभाविक आहे. भट्टीसमोर घाम गाळणारा कामगार, बांधकामावर विटा वाहणारी स्त्री, औतामागे चालणारा शेतकरी यांच्या तुलनेत खुर्चीवर बसून होणारे काम सुखाचेच म्हटले पाहिजे. लग्नाच्या बोलण्यांतही 'मुलगा एसीत बसून काम करतो' हे वाक्य अजून कौतुकाने उच्चारले जाते. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. परंतु तिच्यामुळे एक अन्याय मात्र सहज घडतो. कार्यालयातील कर्मचाऱ्याने डोके दुखते, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो, दुपारनंतर ग्लानी येते असे सांगितले, तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सावलीत बसणाऱ्याला कसला आला आहे त्रास, असेच सर्वांना वाटते.

मुंबईच्या फोर्ट भागातील एका जुन्या दगडी इमारतीत माझ्या नोकरीची पहिली अकरा वर्षे गेली. उंच छत, लांब दांड्यांना टांगलेले पंखे, पुरुषभर उंचीच्या खिडक्या आणि त्यांच्या वर हवेसाठी ठेवलेले झरोके, असे ते कार्यालय होते. पावसाळ्यात फायलींना बुरशी येई, कबुतरे आत शिरत, मे महिन्यात अंगाची लाही होई. तक्रारी होत्याच. पुढे कार्यालय उपनगरातील एका नव्या, काचेच्या इमारतीत हलले. पहिल्या दिवशी पेढे वाटले गेले. चकचकीत फरशी, साहेबांच्या दालनात गालिचा, सर्वत्र एकसारखा गारवा. रस्त्याचा आवाज नाही की धूळ नाही. काचेच्या भिंतीतून दूरवरचे आकाश दिसत असे. फक्त ती भिंत कोठेही उघडत नसे.

तीन-चार महिन्यांतच कुरबुरी सुरू झाल्या. आवक-जावक विभागात बावीस वर्षे सेवा झालेल्या एक बाई होत्या. त्यांच्या नोंदवहीत कधी खाडाखोड दिसत नसे. त्यांना दुपारी तीननंतर डोके जड झाल्यासारखे वाटू लागले, पत्रांचे क्रमांक चुकू लागले. वैद्यकीय रजा संपली, मग बिनपगारी रजा घ्यावी लागली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, डोळे तपासून झाले. दोष काही सापडेना. वरिष्ठांनी एकदा सर्वांसमोर विचारले, "बाई, घरी काही कटकटी आहेत का? रात्री नीट झोप होत नाही वाटतं?" त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांच्या नावापुढे 'कामात लक्ष कमी' असा शेरा पडला.

आमच्याकडे एक वयस्कर शिपाई होते. त्यांना सगळे मामा म्हणत. चहा ठेवता ठेवता ते मला एकदा म्हणाले, "साहेब, माझंही डोकं दुखतं, पण रविवारी कधी दुखत नाही बघा. गावी गेलो की तर मुळीच नाही." मी हसून विषय सोडून दिला. मामांनी त्या एका वाक्यात रोगाचे निदान केले होते, हे मला फार उशिरा कळले.

वैद्यकशास्त्रात या त्रासाला 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' असे नाव आहे. मराठीत आपण त्याला 'आजारी इमारतीचा लक्षणसमूह' म्हणू. डोकेदुखी, डोळे-नाक-घशाची चुरचुर, कोरडा खोकला, त्वचेला खाज, थकवा, लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. ती एका इमारतीत काम करणाऱ्या अनेकांना एकाच काळात जाणवतात, आणि इमारतीबाहेर पडल्यावर कमी होतात किंवा नाहीशी होतात. तपासणीत ठरावीक असा कोणताही रोग सापडत नाही. 'रविवारी दुखत नाही' हीच त्याची मुख्य खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका समितीने १९८४ साली असे सुचवले होते, की जगभरातील नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत आतल्या हवेविषयी अतिरिक्त तक्रारी असू शकतील.

इमारतीमुळे होणारे निश्चित स्वरूपाचे रोग याहून वेगळे. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर अनेक जणांना तीव्र न्यूमोनिया झाला आणि कित्येकांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्याला कारण असलेला जीवाणू सापडला. या रोगाला 'लिजनेअर्स डिसीझ' म्हणतात. तेथे जंतू दाखवता आला, म्हणून रोगावर कोणी शंका घेतली नाही. आमच्या बाईंना दाखवण्यासारखे काही नव्हते.

इमारती अशा का झाल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी पैशांत आहे. बंद खोलीतील हवा माणसांच्या श्वासाने बिघडते, हे ज्ञान जुने आहे. म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ साली कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हे खोलीतील हवेच्या शुद्धतेचे माप मानले आणि दहा लाख भागांत एक हजार ही मर्यादा सुचवली. आजही जगभर याच आकड्याचा आधार घेतला जातो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी माणशी दर मिनिटाला सुमारे १५ घनफूट बाहेरची हवा इमारतीत घ्यावी, असा दंडक होता. १९७३ साली तेलाचे संकट आले. बाहेरची हवा थंड किंवा गरम करायला इंधन लागते. तेव्हा ती कमी घेतली की खर्चही कमी, असा हिशेब झाला आणि १५ घनफुटांचे ५ घनफूट करण्यात आले. इमारती घट्ट बंद झाल्या, खिडक्या उघडेनाशा झाल्या. तक्रारी इतक्या वाढल्या की १९८९ साली किमान १५ घनफूट आणि कार्यालयांसाठी २० घनफूट असा नियम पुन्हा करावा लागला.

काटकसर वाईट नाही. इंधन वाचवलेच पाहिजे. पण ती काटकसर कोणाच्या श्वासातून झाली, हे विचारायला नको काय? गंमत अशी, की १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मुख्यालयातच नवे गालिचे अंथरल्यानंतर कर्मचारी आजारी पडू लागले. देशाच्या हवेची राखण करणाऱ्यांना स्वतःच्या खोलीतील हवा राखता आली नव्हती.

आमच्या इमारतीत हे कोडे वार्षिक देखभालीसाठी आलेल्या एका मेकॅनिकने उलगडले. गच्चीवरील यंत्रणेत बाहेरची हवा आत घेणारी एक झडप असते. ती पूर्ण बंद करून ठेवलेली होती. कोणी बंद केली, का केली, हे विचारता समजले, की विजेचे बिल कमी यावे म्हणून तोंडी सूचना देण्यात आली होती. म्हणजे दीडशे माणसे दिवसभर तीच ती हवा पुन्हा पुन्हा आत घेत होती. त्यात नव्या प्लायवूडच्या गोंदातून सुटणारे फॉर्मल्डिहाइड, छायाप्रत यंत्रातून निघणारा ओझोन, फिनेलचा वास, आणि हे सगळे झाकण्यासाठी फवारलेले सुगंधी द्रव्य यांची भर पडत होती.

भारतातील असंख्य लहान कार्यालयांत तर अशी झडपही नसते. भिंतीवर बसवलेला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, असा अनेकांचा समज असतो. तो तसे करत नाही. तो खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत खोलीत सोडतो. बाहेर लावलेला पंख्याचा डबा फक्त आतली उष्णता बाहेर टाकतो. गारवा पळून जाऊ नये म्हणून आपण खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवतो आणि हवा येण्याचा शेवटचा मार्गही बंद करतो. शिकवणीचे वर्ग, संगणक केंद्रे, कॉल सेंटरे, छोटी दुकाने, किती ठिकाणी हे चालते ते आपण आपल्या भोवती पाहावे. वायुवीजन आणि शीतलीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एकीला दुसरी समजून बसलो आहोत.

याची किंमत कधी कधी डोकेदुखीपुरती राहत नाही. मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील एका बहुमजली इमारतीत ११ व्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना करोनाची लागण झाली. त्यांतील बहुतेक जण त्या मजल्याच्या एकाच बाजूला, दाटीवाटीने बसत होते.

उष्ण देशात हवेशिवाय इमारत बांधावी, ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली नसती. वाड्याचा चौक, हवेलीचे झरोके, दगडी जाळ्या, पडवी या सगळ्यांत हवेचा विचार होता. आधुनिक काळातही तो करता येतो. तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात बांधल्या. तेथे विटांच्या जाळीदार भिंतींतून वारा खेळतो, ऊन मात्र अडते. काचेची भिंत लंडनच्या फिकट उन्हासाठी ठीक असेल. नागपूरच्या वैशाखात तिच्या आड बसायचे म्हणजे आधी ऊन आत घ्यायचे आणि मग वीज जाळून ते बाहेर काढायचे. या आंधळ्या अनुकरणाला प्रगती म्हणावे, असे मला वाटत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. हा आजार इमारतीचा नसून कामाच्या ताणाचा आहे, असे काहींचे म्हणणे असते. त्याला आधारही आहे. लंडनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या 'व्हाइटहॉल' संशोधनातील एक भाग २००६ साली प्रसिद्ध झाला. ४४ इमारतींत काम करणाऱ्या ४,०५२ जणांची पाहणी त्यात होती. हवा, तापमान, धूळ यांच्यापेक्षा कामाचा बोजा आणि वरिष्ठ-सहकाऱ्यांच्या आधाराचा अभाव यांचा या लक्षणांशी अधिक संबंध दिसून आला.

हा निष्कर्ष ज्याच्या हाती पडतो, त्याप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. व्यवस्थापन म्हणते, 'पाहा, हवेचा दोष नाही, सगळे मनाचे खेळ आहेत. एक योगवर्ग ठेवू.' मी त्यातून वेगळा अर्थ घेतो. कामाचा बोजा कर्मचारी स्वतः ठरवत नाही. वरिष्ठांचा आधार हीही त्याच्या हातातली गोष्ट नाही. म्हणजे ताण कारणीभूत असला, तरी जबाबदारी कार्यालयाचीच राहते. शिवाय ही डोकेदुखी ताणातून आली म्हणून खोटी ठरत नाही, ती दुखतेच. आमच्या बाईंचे उदाहरण घ्या. त्यांना त्रास बंद झडपेचा होता, आणि 'घरी कटकटी आहेत का' या प्रश्नाचाही होता. त्या दोहोंपैकी कोणता त्रास अधिक होता, हे त्यांनाही सांगता आले नसते. ज्या कार्यालयात खिडकी उघडण्याची मुभा नसते, तेथे बहुधा तोंड उघडण्याचीही नसते. हवा आणि वागणूक या दोन गोष्टी तेथे एकत्रच कोंदट होतात.

तापमानाचेच पाहा. अनेक कार्यालयांत भर उन्हाळ्यात स्त्रिया शाल किंवा स्वेटर घालून बसलेल्या दिसतात आणि त्यावर विनोद होतात. २०१५ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी दाखवून दिले, की कार्यालयीन तापमानाचे प्रचलित मानदंड एका सरासरी पुरुषाच्या शरीरातील उष्णतेच्या निर्मितीवर बेतलेले असून स्त्रियांच्या बाबतीत ती प्रत्यक्षाहून अधिक धरली जाते. म्हणजे कुडकुडणे हा नाजूकपणा नव्हता. आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून खोलीसाठीच्या नव्या वातानुकूलन यंत्रांत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु रिमोट कोणाच्या टेबलावर असतो, हे आपण जाणतोच.

दुसरा आक्षेप दिल्ली, कानपूर, कोलकाता येथील वाचक नक्कीच घेतील: खिडकी उघडायची ती कोणत्या हवेसाठी? हिवाळ्यात दिल्लीत बाहेरच धूर दाटलेला असतो. हे खरे आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. अशा ठिकाणी बाहेरची हवा चांगल्या गाळणीतून आत घ्यावी लागते, त्या गाळण्या वेळेवर बदलाव्या लागतात, आणि त्याला पैसा लागतो. कुंड्या ठेवून हे काम भागेल, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तिचा उगम अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांत आहे. पण ते प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा नेहमीच्या खोलीत झाडांचा हवा शुद्ध करण्याचा वेग नगण्य आहे, असे आढळले. कुंड्या जरूर ठेवाव्यात, डोळ्यांना बरे वाटते. मात्र कुंडी हा झडपेला पर्याय नव्हे.

ताज्या हवेने कामाचा वेग आणि निर्णयाची क्षमता वाढते, असेही प्रयोग झाले आहेत. त्यांचा दाखला देऊन मालकांचे मन वळवावे, असे पुष्कळ जण सुचवतात. मला तो मार्ग फारसा रुचत नाही. उद्या कोणी कोंदट हवेत काम जास्त होते असे सिद्ध केले, तर काय खिडक्या बंद करायच्या? श्वास घेण्यासाठी कर्मचाऱ्याने नफ्याचा दाखला का द्यावा?

आपल्या कायद्याने कारखान्यातील कामगाराच्या श्वासाचा विचार पूर्वीच केला होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमात, पुढे झालेल्या सुधारणेनुसार, प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा असावी, अशी तरतूद होती. त्या जागेला आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता आली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. वायुवीजन, तापमान, आर्द्रता, पुरेशी जागा यांची जबाबदारी ती मालकावर टाकते. मात्र केंद्र आणि राज्य सरकारांची स्वतःची कार्यालये तिच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत; तेथील कंत्राटी कामगारांपुरताच तिला अपवाद आहे. जे सरकार मालकांना हवा मोजायला सांगते, त्याने आपल्या कचेऱ्यांना त्यातून वगळावे, हे मला पटत नाही. देशातील किती माणसे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांत, फायलींच्या ढिगाऱ्यांत बसून काम करतात!

तक्रार करायची तर ती कशी करावी, हे मी मामांकडून शिकलो. मेकॅनिक येऊन गेल्यावर त्यांनी एक जुनी रोजनिशी मागून घेतली. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या बाजूला बसणाऱ्या किती जणांचे डोके दुखले आणि घरी गेल्यावर ते थांबले का, हे ते चहा देताना विचारत आणि लिहून ठेवत. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण नोंदी नेमक्या. सहा आठवड्यांनी त्या पानांच्या छायाप्रती जोडून आम्ही बावीस जणांनी सह्या केल्या. एकट्या माणसाच्या डोकेदुखीला लहर म्हणता येते. बावीस जणांच्या तारीखवार डोकेदुखीला तसे म्हणणे अवघड जाते. झडप उघडण्यात आली. महिनाभरात दुपारची ग्लानी पुष्कळ कमी झाली. कामाचा बोजा तेवढाच होता, म्हणून ती पूर्ण गेली असे म्हणता येणार नाही.

विजेचे बिल वाढले, तेव्हा व्यवस्थापनाने नवा आदेश काढला. कार्यालय सहा वाजता सुटते, तेव्हा सहानंतर झडप बंद ठेवावी. सफाई करणाऱ्या मावश्या साडेसहाला येत. फिनेल, फवारे आणि धूळ यांच्यातच त्यांचे काम नऊपर्यंत चाले. त्या कंत्राटी असल्यामुळे बावीस सह्यांत त्यांची एकही सही नव्हती. ती घ्यावी, हे आमच्या मनातही आले नव्हते. त्यांच्यातील एकीने मला एकदा विचारले, "साहेब, संध्याकाळी इथं एवढं कोंदट का होतं हो?" या वेळी मी हसून विषय सोडला नाही. लेखी कळवले, दोनदा स्मरणपत्र दिले. झडप बंद करण्याची वेळ साडेनऊ झाली. बाईंच्या गोपनीय अहवालातील शेरा मात्र काढला गेला नाही. त्या निवृत्त झाल्या, तेव्हाही तो तसाच होता.